परत मागवलेली रुसूबाई

हवावाल्यांच्या डोक्यात हवा कधी गेली नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. गेली असती तरी गल्लीने ते पोटात घातलं असतं. घरोघरच्या आजाऱ्यांना ऑक्सिजनची सिलिंडरं पोचवायची, हा त्यांचा धंदा. वीस वर्षं एकच काम, एकच टोपी आणि खिशात एकच पाना. त्या पान्याने ते सिलिंडरच्या पोटावर टिचकी मारत, कान जवळ नेत आणि सांगत, "अजून चार तास आहेत." काटा मागाहून बघायचा. काट्याचं आणि हवावाल्यांचं जुळलं नाही तर काटा बदलायचा, हे डॉक्टरांनीसुद्धा निमूट मान्य केलं होतं. रिकामं सिलिंडर पोरीसारखं खिदळतं आणि भरलेलं पोक्त माणसासारखं बेताचं बोलतं, असं त्यांचं म्हणणं. त्यावर त्यांची बायको म्हणे, "लोखंडाचं सगळं ऐकू येतं यांना. मी हाक मारली की मात्र ठार बहिरे!"

त्यांची पिकअप जुनी. फर्निचरच्या दुकानदाराने चार वर्षं वापरून ती यांच्या गळ्यात मारली होती. पहिलं वर्ष गुणाने वागली. मग चढ दिसला की बसायला लागली. दिवे चालू, हॉर्न चालू, इंजिन तेवढं गप्प. पंधरा मिनिटं कुणी काही बोललं नाही की आपली आपण सुरू. गल्लीने लगेच तिचं बारसं करून टाकलं, रुसूबाई. सकाळी भेटेल तो विचारी, "काय हवावाले, आज बाईसाहेब कुठे बसल्या?"

हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं, आणि हवावाल्यांना ते सगळ्यांत आधी कळलं होतं. कारण चढाच्या टोकाला, शेवटच्या घरात बाई राहत. बाई म्हणजे शाळेतल्या, मराठीच्या. सातवीत यांना त्यांनीच एका वेलांटीपायी नापास केलं होतं. आता त्यांची छाती थकलेली, नाकाला नळी, खुर्चीशेजारी सिलिंडर. एक सिलिंडर दोन दिवस चाले. दोन दिवसांनी दुसरं पोचलं पाहिजे. त्यात उशीर, माफी, उद्या बघू, असलं काही बसत नव्हतं.

कोपऱ्यावरच्या मिस्त्रीने रुसूबाईचा फिल्टर बदलला, प्लग बदलले, टाकी खरवडून धुतली. गाडी चढावर बसायची ती बसलीच. शेवटी हवावाले गुडघे टेकून, मागच्या चाकाशी वाकून, टाकीला कान लावून बसले. बायकोला किल्ली फिरवायला सांगितलं. एकदा, दोनदा, अकरा वेळा.

"पंप सुजलाय," ते उठून म्हणाले. "किल्ली फिरवली की दोन सेकंद गुणगुणतो ना, तो आवाज पूर्वी मोकळा होता. आता घसा धरलाय. आतलं काहीतरी फुगून अंगाला घासतंय."

मिस्त्री हसून हसून टायरवर बसला. "काका, पंप सुजतो? गालगुंड झालंय का त्याला? गरम मिठाच्या पाण्याच्या गुळण्या द्या!"

ते वाक्य आठवडाभर गल्लीत फिरलं. कुणाचीही गाडी बंद पडली की लोक गुळण्या सुचवू लागले.

आणि मग पत्र आलं. आलं म्हणजे, फर्निचरवाल्याने ड्रॉवर साफ करताना सापडलेलं एक पाकीट हवावाल्यांच्या हातात कोंबलं. "तुमच्या गाडीचं आहे वाटतं. माझ्याच नावावर येत राहतं." तारीख नऊ महिन्यांपूर्वीची. हवावाल्यांनी तिथेच उभ्याने पहिली ओळ वाचली: 'आपले वाहन इंधन पंपातील दोषास्तव कंपनीकडून परत मागवण्यात येत आहे.' पुढचं बारीक अक्षर त्यांनी वाचलंच नाही. घामच फुटला.

घरी येऊन बायकोला म्हणाले, "कंपनी गाडी परत मागतेय."

"मग द्या की! ब्याद जाईल."

"अगं, आणि बाईंची हवा काय डोक्यावरून नेऊ?"

पत्र त्यांनी सीटखाली सारलं. रुसूबाईवर ताडपत्री चढली. नंबराच्या पाटीवर चिखल बसला, तोही असा नीट लिंपलेला, की पावसापाण्याचा वाटू नये. काम झालं की गाडी घराच्या मागच्या बोळात. गल्लीचं डोकं लगेच चालायला लागलं. गाडी चोरीची आहे, असं निम्म्यांचं ठाम मत पडलं. उरलेल्या निम्म्यांना ताडपत्रीखाली दुसरी बायको दिसत होती. पहिलीने हे ऐकलं आणि म्हणाली, "असली तर बाहेर काढा तिला. किल्ली फिरवायला माणूस हवंच आहे."

तीन आठवडे असे गेले. मग तो मंगळवार उजाडला.

त्या आठवड्यापुरता डॉक्टरांनी बाईंच्या हवेचा वेग वाढवला होता, त्यामुळे राखीव सिलिंडरही लागून गेलं होतं. दुपारी साडेतीनला हवावाले नवं सिलिंडर घेऊन निघाले आणि अर्ध्या चढावर, विजेच्या खांबापाशी, रुसूबाई बसली. पंधरा मिनिटं थांबले. वीस थांबले. या वेळी ती उठली नाही. किल्ली फिरवली तर गुणगुणणंसुद्धा नाही. घसा पार बसला होता.

ढकलगाडीची चाकं त्या दगडी फरसबंदीच्या फटींत अडकतात. मग हवावाल्यांनी सिलिंडर खाली उतरवलं, छातीइतकं उंच, माणसाएवढं जड. ते तिरकं केलं, डावा हात मानेवर ठेवला आणि उजव्या हाताने फिरवायला लागले. बुडाच्या कडेवर ते गरगरत पुढे सरकू लागलं. सपाटीवर असं चार पावलं नेणारे पुष्कळ आहेत. चढावर, तीनशे पावलं, न थांबता, हे कुणी पाहिलं नव्हतं. थांबलं तर ते मागे येणार आणि माणसाला घेऊन खाली जाणार. खिडक्या उघडल्या. मिस्त्री पाना हातात धरून दारात आला आणि त्याला एकही विनोद सुचला नाही. त्या लोखंडाचा दगडावरचा घर्र घर्र आवाज तेवढा ऐकू येत होता आणि मध्येच हवावाल्यांचं पुटपुटणं. सिलिंडरशी बोलत होते. "चल गं. चल. अजून थोडं."

मदतीला कुणी धावलं नाही असं नाही. चौघे धावले. पण कुठे हात लावायचा तेच कळेना. फिरत्या भोवऱ्याला मदत कशी करतात?

वर पोचले तेव्हा बाईंचे ओठ निळसर दिसत होते. हवावाल्यांनी जुन्या सिलिंडरवर टिचकी मारली, ते खिदळलं. लगेच जोडणी बदलली. मग भिंतीला टेकून खाली बसले आणि कुणी दिलेलं पाणी डोक्यावर ओतून घेतलं.

बाईंना बोलण्यापुरता श्वास आला. पहिलं वाक्य आलं, "उशीर… का?"

हवावाल्यांनी सगळं सांगून टाकलं. पत्र, ताडपत्री, चिखल. बाईंनी पत्र मागवून घेतलं. चष्मा लावला. वाचलं, आणि नळीतल्या नळीत हसायला लागल्या.

"अरे गाढवा… परत मागणे वेगळं… परत मागवणे वेगळं. दुरुस्तीला बोलावतायत. खाली लिहिलंय. पंप बदलून… गाडी तुलाच परत." दम घेऊन पुढे म्हणाल्या, "तेव्हा नापास केलं… ते योग्यच होतं."

दुसऱ्या दिवशी रुसूबाईला ओढून कंपनीच्या वर्कशॉपमध्ये नेलं. काउंटरवरच्या बाईने यादी पाहिली. "पंप आलेला नाही. आला की फोन करू. तोवर गाडी चढावर नेऊ नका."

"किती दिवस?"

"आला की फोन करू."

पाच महिने गेले. दर आठवड्याला हवावाले काउंटरवर आणि दर आठवड्याला, यादी न उघडताच, तेच वाक्य. मिस्त्रीने खटपट करून रुसूबाई सपाटीपुरती चालती ठेवली. चढाच्या पायथ्याशी ती उभी करायची आणि तिथून वर, एक दिवसाआड, सहाशे पावलं, गरगरत. गल्लीतले लोक चार वाजता घड्याळ न बघता बाहेर यायला लागले. सिलिंडर दारावरून गेलं की माणसं नकळत एक पाऊल मागे सरत, देवाची पालखी जाते तेव्हा सरावं तशी.

शेवटी बाईंनी लाल शाईचं पेन मागवलं. कंपनीच्या त्या पत्रात त्यांना शुद्धलेखनाच्या सात चुका सापडल्या. सातही गोल केल्या. खाली लिहिलं: 'दोषास्तव परत पाठवत आहे. दुरुस्त करून द्यावे. पत्रही आणि वाहनही.'

वर्कशॉपच्या मॅनेजरने शाळा सुटल्यावर पहिल्यांदाच लाल शाई खाल्ली असावी. त्याने स्वतः उठून यादी काढली. पंप दोन महिन्यांपूर्वीच आला होता. फोनही गेले होते, सहा वेळा. यादीत अजून फर्निचरवाल्याचंच नाव होतं आणि तो दर वेळी "गाडी विकली" म्हणून फोन आपटत होता.

नवा पंप बसवला तेव्हा हवावाल्यांनी जुना मागून घेतला. कोपऱ्यावर आणून मिस्त्रीपुढे ठेवला. मिस्त्रीने तो उघडला. आत प्लॅस्टिकचं छोटं चाक होतं, पेट्रोल पिऊन पिऊन फुगलेलं. त्याने मापपट्टी लावली. केसाएवढा फरक. पण फुगलेलं खरंच, आणि कडेला घासल्याची काळी वर्तुळंही.

मिस्त्रीने चाक खाली ठेवलं. मग त्याने दोन्ही कानांना हात लावला. "काका, हे तुम्ही पत्र्यातून ऐकलं?"

"पत्रा, टाकी आणि पेट्रोल. तिन्हीतून," हवावाले म्हणाले. "सांगितलं होतं की, सुजलाय."

त्या दिवशी चार वाजता रुसूबाई चढाला लागली. विजेच्या खांबापाशी येऊन थांबली. "बसली!" गल्लीच्या तोंडून एकदम निघालं. पण हवावाल्यांनीच ती थांबवली होती. इंजिन बंद केलं, किल्ली फिरवली, ऐकलं. मान हलवली. आणि गाडी वर गेली ती थेट बाईंच्या दारात.

"आज… घाम नाही आला तुला," बाई म्हणाल्या.

हवावाल्यांनी नवं सिलिंडर लावलं, टिचकी मारली. "दोन दिवस आणि वर थोडं."

"थोडं म्हणजे? नीट सांग."

"तीन तास, बाई."

बाईंनी नाकाची नळी सारखी केली. मग खुर्चीच्या हातावर आपलं मनगट ठेवत म्हणाल्या, "मला वाजवून बघ. किती उरलंय?"

हवावाल्यांचा पाना हवेतच थांबला. मग त्यांनी मनगटाशेजारी, खुर्चीच्या लाकडावर, हलकेच टिचकी मारली आणि वाकून पुष्कळ वेळ ऐकलं.

"भरलेलं बोलतंय, बाई."

"खोटं बोलतोस," बाई म्हणाल्या. "पण वाक्य शुद्ध आहे."