फोडलेला धुरा

पश्चात्तापावर पत्रके लिहिणाऱ्या माणसाने पश्चात्ताप केलेला असतोच असे नाही. हे मी स्वतःवरून सांगते. आमच्या घरी वाचायला पत्रकेच असत. त्यांवरच मी अक्षरे शिकले आणि मोठी झाल्यावर तशीच धारदार पत्रके लिहू लागले. देवाकडे वळा, आजच वळा, असे छापून मी शहापूरच्या बाजारात माणसांच्या हाती देत होते, आणि माझ्या पोटात एक खोटे दडून होते.

पावसाने दडी मारली तेव्हा गावच्या तलावाचे पाणी पाळीने मिळत होते. त्या दिवशी पाळी शेजारच्या देवराव काकांची होती. बाबा अंथरुणाला खिळलेले, आमचे धान पिवळे पडत चाललेले. पहाटे मी कुदळीने त्यांच्या आणि आमच्या बांध्यांमधला, म्हणजे धानाच्या वाफ्यांमधला, मातीचा धुरा फोडला आणि काकांचे पाणी आमच्या धानात घेतले. सकाळी ते आले तेव्हा म्हटले, "काका, खेकड्यानं पोखरला असन." खेकडे धुरा पोखरतातच, म्हणून माझ्यावर कोणी संशय घेतला नाही. पण पाण्यावर लक्ष ठेवायचे काम त्यांच्या सुनेचे, सुमन वहिनीचे होते. काकांचे धान पोचट निघाले आणि सगळा दोष तिच्यावर गेला. बोलणी इतकी वाढली की ती माहेरी, बपेऱ्याला निघून गेली. मी गप्प राहिले. त्याच आठवड्यात नवे पत्रक मात्र लिहिले.

कापणीनंतर आमच्या ख्रिस्ती मंडळीत हंगामाची उपासना होते. नव्या धानाची पेंढी वेदीपाशी ठेवतात. त्या रविवारी सकाळी पेंढी घेऊन मी धुऱ्यावरून निघाले. धुके इतके की स्वतःचे पाय दिसत नव्हते. आणि मला पाणी वाहताना ऐकू आले. बांध्या केव्हाच वाळून भेगाळल्या होत्या, तलावाचे तोंड बंद होते. तरी माझ्या पायांखालून खळखळ येत होती. मी थांबले, ती थांबली नाही.

जिथे मी धुरा फोडला होता तिथे एक बाई बसली होती. डोक्यावर पदर, कोपरापर्यंत ओला चिखल. ती माती दाबत होती.

"तो तर बुजवला आहे," मी म्हणाले.

"वरून बुजवला. आतून वाहूनच राहिला. तुले आयकू नाही येत?"

माझ्या तोंडातून वाफ निघत होती, तिच्या नाही.

"कोठी चालली?"

"देवाले पेंढी द्याले."

"कोनाच्या पाण्याची?"

वेदीपाशी भेट आणताना कोणाचे मन आपण दुखावल्याचे आठवले, तर भेट तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, असे आमचे शास्त्र सांगते. मी ते दुसऱ्यांसाठी कितीदा छापले होते. मी खाली पेंढीकडे पाहिले. मान वर केली तर बाई नव्हती. धुऱ्याला हात लावला, तो टणक आणि कोरडा होता. ती कोण, हे मला आजही ठाऊक नाही. गावात विचारले, कोणीच तिला पाहिलेले नव्हते.

पेंढी तिथेच ठेवून मी काकांच्या अंगणात गेले. ते बैलांना तणस टाकत होते.

"काका, खेकडा नव्हता. धुरा मी फोडला."

त्यांनी हातातले तणस खाली टाकले. मग म्हणाले, "तुमच्या देवाले सांगून झालं असन. आता मले सांगून राहिली. घर मी नाही, सुनेनं सोडलं. तिले सांग." आणि आत जाऊन मोटारसायकलची किल्ली घेऊन आले.

बपेऱ्याला वहिनी ओसरीवर उभी राहून सगळे ऐकत होती. माझ्याकडे तिने पाहिलेही नाही. "मामाजी," ती काकांना म्हणाली, "हे तिचं झालं. तुमाले काय म्हणाचं आहे?"

काकांनी डोक्यावरची टोपी काढली. "मी तुले न इचारताच दोषी ठरवलं, बाई."

ती त्या दिवशी आली नाही. पंधरवड्याने आली. माझ्याशी अजून मोजकेच बोलते. तिने क्षमा करावी की नाही हे माझ्या हातात नाही, ते मी प्रभूवर सोपवले आहे. विश्वास म्हणजे काय हे मी वर्षानुवर्षे कागदावर समजावत आले. प्रभूने मला उठवून एका ओसरीपुढे मान खाली घालून उभे केले. तेवढ्यासाठी मी त्याची ऋणी आहे.