नणंदबाईंची मान्यता

छापील ओळीवर माझ्या मोठ्या नणंदबाईंइतका विश्वास ठेवणारं माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरं नसेल. स्वयंपाकाच्या पुस्तकात 'मीठ चवीनुसार' असं आलं की त्या कढई खाली उतरवून विचारायच्या, "कोनाच्या चवीनुसार? इथं लिवलं नाई." अकोल्याच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यावर अशा बाईने निवांत बसावं की नाही? यांनी अमरावतीत कायद्याच्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून तीन दिवस गाडीने बडनेऱ्याला उतरायचं, तिथून रिक्षाने राजापेठेत आमच्याकडे यायचं, जेवायचं, मोठ्याने पाठ करायचं आणि संध्याकाळी वर्गाला जायचं. फौजदारी कायदा आम्ही सहन केला, वारसाहक्कही केला. पण तिसऱ्या वर्षी आंतरराष्ट्रीय कायद्याची मूलतत्त्वं आली आणि घराचं घरपण गेलं.

रूढीचा धडा चालू होता तेव्हाची गोष्ट. देशादेशांतली जुनी वहिवाट कायदा केव्हा होते, तर तसं वागणं आपल्यावर बंधनकारक आहे असं वागणाऱ्याला वाटतं तेव्हा. नणंदबाई, म्हणजे आमच्या आक्का, पुस्तक मिटून माझ्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "तू वीस वर्षांपासून याच खुर्चीत बसतं. बसलंच पायजे असं वाटते म्हनून बसतं का?"

"कूलर समोर हाय म्हनून बसतो, आक्का."

"मंग ही नुसती सवय झाली. ऊठ." तो उठला. पुढचा सगळा उन्हाळा त्या खुर्चीत आक्का होत्या आणि नवरा जिन्याच्या पायरीवर.

समुद्राच्या कायद्यात तर त्यांनी आमचं दूधच घालवलं. शेजारच्यांचा बोका पातेल्यात तोंड घालून पळाला, आक्का लाटणं घेऊन मागे. अंगण ओलांडलं, तुळस ओलांडली आणि कुंपणाशी त्या एकदम थबकल्या. बोका हाताच्या अंतरावर, पलीकडच्या भिंतीवर मिशा चाटत बसलेला. मी ओरडले, "आक्का, मारा ना!" तर म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हद्दीत गेला. जहाज असो का बोका, पाठलाग इथं संपते." बोका हा कायदा दोन दिवसांत शिकला. मला वर्ष लागलं.

हसून झाल्यावर एक गोष्ट मात्र घरात कोणी काढत नसे. आक्कांच्या एकुलत्या एक लेकीने दोन वर्षांपूर्वी स्वतःच्या मनाने लग्न केलं होतं. मुलगा बडनेऱ्याच्या पुढच्या चांदूर रेल्वे गावचा, पंपाच्या जळालेल्या मोटारी नवी तार गुंडाळून रिवाइंड करायचं छोटं दुकान, निर्व्यसनी, कामसू. आक्कांची तक्रार एकच, "मले इचारलं नाई." एकदा माझ्या नवऱ्याने धीर करून जावयाचा विषय काढला, तर आक्कांनी राष्ट्र कशाला म्हणावं याच्या चारही कसोट्या बोटांवर मोजल्या. "कायमची लोकसंख्या? दोन मानसं. ठरलेला प्रदेश? भाड्याची खोली. सरकार? पोरगीच चालवत असन. बाकीच्यांशी संबंध? माह्याशी तं नाई!"

"आक्का, तो जावई हाय. देश नाई."

"मान्यता मी द्याची हाय. मी देल्याशिवाय तो काईच नाई. हे पा, लिवलं हाय." आणि खरंच लिहिलेलं होतं. मान्यता मिळाल्यावरच राष्ट्र जन्माला येतं, असा एक पक्ष पुस्तकात होता आणि आक्कांनी त्याखाली लाल रेघ मारली होती.

परीक्षेला महिना उरला असताना एका दुपारी त्यांचं पाठांतर मध्येच थांबलं. मी स्वयंपाकघरातून डोकावले, तर त्या पान उलटून मागे जात होत्या, पुन्हा पुढे येत होत्या. पुढच्या पानावर दुसरा पक्ष होता. राष्ट्र असतं ते असतंच, मान्यता देणारा फक्त ते आहे असं कबूल करतो. आणि खाली, आज बहुतेक जण हेच मानतात. आक्कांनी थेट वर्गाच्या सरांना फोन लावला. "सर, पुस्तकात छपाईची चूक तं नाई ना?"

"नाही मॅडम. परीक्षेत हेच लिहा."

त्या दिवशी त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं नाही. नवऱ्याने भीतभीत खुर्चीत बसून पाहिलं, तरी त्याला उठवलं नाही.

पुढच्या खेपेला गाडी आली, आक्का आल्या नाहीत. दोन वाजले, तीन वाजले. फोन बंद. नवरा बडनेऱ्याला जायला स्कूटर काढतोय, तोच भाचीचा फोन आला. रडत होती की हसत होती कळेना. "मामी, आई आली हाय. बडनेऱ्याले उतरलीच नाई, सरळ इकडं आली. ह्यायचे हात मोटारीच्या वार्निशनं भरलेले, पाया कसे पडतीन? तं आईच म्हने, राहू द्या, जेवले का तुमी?"

दुसऱ्या दिवशी आक्का आमच्याकडे आल्या. मी चहा दिला. कप खाली ठेवून त्या म्हणाल्या, "दोन वर्षं झाले वं. ते दोघं तिथंच होते. मीच तिथं नोयती."

आक्का पास झाल्या. आता त्यांचं येणंजाणं चांदूरला असतं. आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी चक्कर होते, तीही आधी फोन करून. "येऊ का? तुमाले काही काम तं नाई?" मी घाईघाईने "या ना" म्हणते. त्यांनी पूर्वीसारखं न विचारता यावं असं वाटतं; पण हे त्यांना कसं सांगावं, ते मला अजून जमलेलं नाही.