पेणहून कराचीशी एक तास

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते रोह्याच्या कॉलेजातल्या राज्यशास्त्राच्या बाईंचे. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. आज पेणला तोच विषय शिकवतो. दोन देशांचं भांडण शिकवायचं तर आधी माणसांची ओळख करून द्यावी, असं बाई म्हणायच्या. म्हणून यंदा मी वर्गाची कराचीच्या विद्यार्थ्यांशी व्हिडिओवर भेट घडवली. मुलं नुसती ओरडतील, ही धास्ती होतीच, आणि सीमेच्या वादावरून सुरुवात तशीच झाली.

मग तिकडच्या एका मुलीने आमच्या जोहे गावच्या मुलीला उर्दूत विचारलं, “बोटांना रंग कसला?”

“गणपतीचा. घरी मूर्तींचा कारखाना हाय.”

“पिक्चरमध्ये पाहिलंय. इतकं घडवून पाण्यात सोडता?”

“व्हय.”

“माझे चाचा मोहरमचे ताबूत बांधतात. तेही शेवटी पाण्यातच.”

मागून आमच्यातला एकजण ओरडला, “दोघींची मेहनत पाण्यात गो!” दोन्हीकडे हशा पिकला. सीमेचा वाद पुन्हा निघाला, पण आता मुलं समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत होती.

त्याच दुपारी मी बाईंना लिहिलं:

“बाई, नमस्कार. आज मुलांची कराचीच्या मुलांशी भेट झाली. एकमत झालं नाही. पण तास संपल्यावर कुणी उठेना. पुढच्या भेटीला वर्गात बसायला याल का? स्टँडवर घ्यायला येतो.”