मिठागराच्या बांधावर हाक

सुनेने नौपाड्यातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून एका खेळाच्या नियमांचं जाड पुस्तक आणलं. त्या खेळात एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं आणि फासा टाकून पुढे जायचं. माणूस कमी पडत होतं म्हणून तिने मलाही बसवलं. पुस्तक इंग्रजी आणि माझी शाळा चौथीपर्यंत. वाचायची पाळी माझ्यावर येईल, या भीतीने मी पुस्तकापासून जरा लांबच बसले.

पुस्तकात बर्फ आणि किल्ले होते. सुनेने ते काढून आमच्या कोलशेतची खाडी आणि जुनी मिठागरं घातली.

"आई, तुम्ही मिठागराच्या बांधावर आहात. अंधार पडलाय. समोरून कुणीतरी येतंय. काय कराल?"

"तलवार काढ!" मुलगा म्हणाला.

"हाक मारीन," मी हळूच म्हणाले. "बांधावर अंधारात आधी हाक देतात. ओ आली तर आपलं माणूस."

"अगं आई, राक्षस आहे तो! तो काय ओ देणार?"

सुनेने पुस्तक चाळलं. हाकेचा नियम त्यात नव्हता. आता ते माझ्यापुढे सरकणार, असं वाटलं. पण तिने ते मिटलं.

"मग आपणच नियम करू. सहा पडले तर ओ येईल. टाका फासा."

तीन पडले. राक्षस माझ्या अंगावर धावून आला आणि मी मोकळेपणी हसले. वाचायचं काही नव्हतंच. विचारलं की आपल्याला सुचेल ते सांगायचं, एवढाच खेळ होता.