दुपारचा केर

आमच्या फ्लॅटला दोन बाथरूम होती. त्यातलं लहान मी अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं, बियाणं करायला घेतलं. त्याला खिडकी नव्हती आणि ते कुणाला आवडतही नव्हतं. नवऱ्याला कारखान्याने नुकतीच स्वेच्छानिवृत्ती दिली होती. स्वेच्छा कारखान्याची होती.

बियाणं म्हणजे उकडलेल्या ज्वारीवर वाढवलेली अळिंबीची पांढरी बुरशी. ज्वारी बाटलीत भरून कुकरमध्ये निर्जंतुक करायची आणि गार झाली की तयार बाटलीतले थोडे दाणे तिच्यात टाकायचे. बूच उघडं असतं तेवढ्यातच हवेतली नको ती बुरशी आत शिरते. प्रयोगशाळेत यासाठी गाळलेल्या हवेचं यंत्र असतं. माझ्याकडे जुन्या बाजारातली माशांची काचपेटी होती. ती आडवी केली, उघड्या बाजूला जाड प्लास्टिक चिकटवलं आणि आत हात घालायला भोकं पाडून त्यांत फाटक्या रेनकोटच्या बाह्या बसवल्या. आतून स्पिरिटने पुसायची. स्पिरिटमध्ये थोडं उकळून गार केलेलं पाणी घालावं लागतं, नाहीतर ते जंतू मरायच्या आत उडून जातं. अळिंबीच्या प्रशिक्षणवर्गात स्पिरिटचा दिवा लावायला शिकवला होता. स्पिरिटने पुसलेल्या बंद पेटीत तो लावू नये, हे न शिकवताही कळतं.

कामाची वेळ दुपारची. सोसायटी झोपलेली, बेल वाजवायची कुणाची हिंमत नाही, त्यामुळे दारं उघडत नाहीत आणि हवा हलत नाही.

तरी बाटल्या हिरव्या पडू लागल्या.

माझं गिऱ्हाईक एकच होतं. हिंजवडीजवळचा शेतकरी. जमीन कंपन्यांकडे गेली होती, राहिलेल्या शेडमध्ये तो अळिंबी पिकवून त्याच कंपन्यांच्या कँटीनला विकायचा. त्याने बाटली उजेडात धरली.

"म्याडम, ह्ये काय हाय? मी अळिंबी मागितली, कोथिंबीर न्हाई."

"बदलून देते."

"द्या. पन कँटीनला शब्द दिलाय. फुडली खेप अशी निघाली तर मी दुसरीकडनं आणनार."

तो गेला असता तर बियाण्याचा धंदा तिथेच संपला असता.

मी कुकरची रिंग बदलली. बुचांचा कापूस बदलला. स्पिरिटही दुसऱ्या दुकानातून आणलं. शेवटी हवेतली बुरशी पकडायला बटाट्याच्या पाण्यात चायना ग्रास शिजवून ते उकळलेल्या ताटल्यांमध्ये ओतलं. एक ताटली बाथरूममध्ये सकाळी थोडा वेळ उघडी ठेवली, दुसरी दुपारी काम सुरू करण्याआधी तेवढाच वेळ. काही दिवसांनी बघितलं तर सकाळची जवळजवळ स्वच्छ होती. दुपारच्या ताटलीत बुरशीची बाग फुलली होती.

दुपारी घरात माझ्याशिवाय जागा माणूस एकच होता. जन्म पाळ्यांमध्ये गेल्यामुळे नवऱ्याला दुपारी झोप येत नसे. मी कामाला बसण्याआधी तो माझ्यासाठी बाथरूम आणि बाहेरचा बोळ केरसुणीने झाडून द्यायचा, कानाकोपऱ्यासकट. जमिनीवर गप बसलेली धूळ रोज नेमकी त्या वेळी उठत होती.

मी त्याच्यापुढे ताटल्या ठेवल्या. तो कारखान्यात मालाची तपासणी करायचा. त्याने चष्मा लावला.

"नमुना एकच आहे. एका नमुन्यावर माल नापास करत नाहीत."

"मग तुम्ही करा."

त्याने केलं. एक दिवस झाडून, एक दिवस न झाडता, ताटल्यांवर चिठ्ठ्या लावून. निकाल तोच आला. त्याने चष्मा पुसला.

"न झाडता कामाला बसायचं?"

"सकाळी ओल्या फडक्याने पुसायचं. मग दुपारपर्यंत कुणी फिरकायचं नाही."

"ते कळलं. मी दुपारी काय करायचं?"

कारखाना सुटल्यापासून त्याने हे विचारलं नव्हतं.

"झोपा," मी म्हणाले. "पंखा बंद ठेवून. बोळातली हवा त्यानेही हलते."

"एप्रिल आहे, अगं."

"पेटीपाशी मलाही गारवा नाही, अहो."

तो बनियनवर आडवा झाला. पहिले काही दिवस नुसता छताकडे बघत पडायचा. नंतर घोरू लागला. घोरण्याने हवा किती हलते, ते मी तपासलं नाही.

पुढच्या खेपेच्या बाटल्या पांढऱ्या निघाल्या. शेतकरी त्या न्यायला आला तो नेमका दुपारी, आणि त्याने बेल न वाजवता दारावर बोटाने टकटक केली. बाटल्या एकेक फिरवून बघितल्या आणि पोत्यात भरल्या.

"सायेब कुठं गेलं?"

"झोपलेत."

"बरं न्हाई का?"

"बरे आहेत. काम चाललंय त्यांचं."

त्याने आत एकदा बघितलं, आवाज खाली आणला आणि पुढच्या खेपेला दुप्पट बाटल्या सांगितल्या.