दोन्ही बाह्या उजव्या

बी.एस्सी.ला माझा विषय गणित होता, आणि सासरी त्याचा झालेला उपयोग म्हणजे ब्लाऊज. कापड मधोमध दुमडायचं, अर्धाच आकार कापायचा, उघडलं की डावं-उजवं तंतोतंत सारखं. वर्गात याला रेषीय सममिती म्हणायचे. अंबडच्या आमच्या गल्लीत याला सुनेच्या हातची सफाई म्हणतात.

लग्नाआधी मला बी.एड. करू द्यायचं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे बैठकीत सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. मग शिलाई मशीन आलं, पुढच्या खोलीत खिडकीपाशी लागलं, आणि त्याच्यासोबत मीही तिथं लागले. त्याला तीन वर्षं झाली. नवरा सकाळी वाटूरला कामावर जायचा तो संध्याकाळी यायचा, आणि "आईला विचार" एवढंच म्हणायचा.

खिडकीबाहेर सदाफुली आहे. तिच्या पाचही पाकळ्या एकाच अंगाला जरा कललेल्या असतात. फूल गरागरा फिरवा, एका फेऱ्यात पाच वेळा ते जसंच्या तसं दिसतं. पण त्याचे आरशातल्यासारखे दोन भाग पाडायला जा, एकही रेषा सापडत नाही. पायडल मारताना मी त्या फुलाकडं बघायचे आणि मला चीड यायची. माझे दिवसही असेच जागच्या जागी फिरत होते.

यंदा नणंदेचं लग्न ठरलं. प्रवेशाची शेवटची तारीख लग्नानंतरच्या शुक्रवारी होती. मी धीर करून सासूबाईंना तारीख सांगितली आणि विचारलं.

"लग्न निपटू दे, मंग बघू," त्या म्हणाल्या. "तू एवढं बराबर पार पाड. मी सोता पाठवते तुला."

त्या एका वाक्यावर मी पापड लाटले, पाहुण्यांची अंथरुणं धुतली, आणि नवरीचा ब्लाऊज शिवायचं कामही अंगावर घेतलं.

आमच्यात नवरी पांढरी साडी नेसते. नणंदेची पांढरी रेशमी होती, जरीच्या बुट्ट्यांची, आणि ब्लाऊजचं कापड तिच्यातलंच, अगदी बेताचं. दुमडून बाह्या बसेनात. म्हणून कागदावरची बाही मी एकदा या कोपऱ्यात आणि एकदा त्या कोपऱ्यात ठेवून कापली. दुसऱ्यांदा ठेवताना कागद पालथा करायचा असतो. माझ्या डोक्यात प्रवेशाची कागदपत्रं होती, मी तो नुसता फिरवला. बाहीची गोलाई पुढून खोल असते, मागून उथळ. कात्री खाली ठेवली तेव्हा माझ्यासमोर दोन बाह्या होत्या आणि दोन्ही उजव्या हाताच्या होत्या.

मग मी ती दुसरी बाही फिरवत बसले. आडवी, उभी, तिरपी. नुसतं फिरवून उजव्याची डावी होत नाही हे गणित शिकलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं, तरी घामाघूम होऊन फिरवत होते. ती डावी होत होती फक्त एकाच तऱ्हेनं, कापडाची उलटी बाजू वर घेतली तर. त्या बाजूला जरीचे सुटे धागे लोंबत होते. लग्न परवावर आलं होतं आणि कापडाची चिंधी उरली नव्हती.

धागे बारीक कातरले आणि बाही उलटीच लावली. डाव्या खांद्यावर पदर येतो, तेवढाच आधार.

लग्नात बुद्धवंदना झाली, हार घातले गेले, फोटो निघाले. कुणाला काही दिसलं नाही. उलट हसनाबादच्या पाहुण्या बायकांनी सासूबाईंना गाठलं, "लई साफ हात हाय हो तुमच्या सुनेचा!" सासूबाई फुलून गेल्या. दुसऱ्याच दिवशी घरात चार ब्लाऊजपीस येऊन पडले.

बुधवारी मी विषय काढला.

"आता कशाला कॉलेज?" त्या म्हणाल्या. "घरबसल्या कामं चालून येऊन राह्यली ना."

माझं डोकं सणकलं. नणंद माहेरी आली होती, तिच्या बॅगेतून मी तो ब्लाऊज काढला आणि डावी बाही त्यांच्यापुढं धरली. "बघा आई, उलटी लावलीय. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या कापल्या मी. मला न्हाई जमत हे काम." त्यांनी रागवावं, हिच्या हाती कापड देऊ नका म्हणून गल्लीभर सांगावं, असं मला मनापासून वाटत होतं.

त्यांनी चष्मा लावला. बुट्ट्यांवरून बोट फिरवलं. त्यांना सगळं कळलं.

"दिसलं का कुणाला?"

"न्हाई."

"मंग झालं तर." त्यांनी एक ब्लाऊजपीस उचलून माझ्या मांडीवर ठेवला. "हे हसनाबादवाल्यांचं. जल्दी पाह्यजे त्यांना, शुक्रवारी सकाळी."

मी त्यांच्याकडं बघितलं. शुक्रवार त्यांना माहीत होता.

"माप कुठंय?" मी विचारलं.