एका पानावरचे दोन ‘तीन’

राव, आज एका आकड्याने माझी झोप उडवली!

निघोज्यातल्या आमच्या कंपनीत प्रेस मशीनचा डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, बदलायच्या सूचना मी संगणकावर लेटेकमध्ये बनवतो. त्यात आदेश लिहायचे, पान आपोआप मांडून मिळतं. सूचना एकूण नऊ. चारनंतर इशाऱ्याची लाल चौकट, आणि चौकटीखाली यादी पुन्हा एकपासून सुरू. मला त्यात काहीच खटकलं नव्हतं. पान देखणं दिसत होतं ना!

आज सकाळी नव्या सहकारी वैशालीताई ते पान घेऊन थेट लाइनवर गेल्या. मीही मागोमाग. प्रेसवरचे बबनकाका म्हणाले, “मॅडम, हितं आवाजात काय बी ऐकू येत न्हाई. आमी बोटांनी नंबर दाखवतो.” आणि त्यांनी तीन बोटं वर केली.

ताईंनी पान माझ्यापुढे धरलं. वरचा तीन: मेन स्विच बंद करा. खालचा तीन: मेन स्विच चालू करा.

डाय बदलताना माणसाचे हात प्रेसच्या आत असतात.

ताईंनी लगेच माझ्या संगणकावर फाइल उघडली. एक आदेश लिहून खालची यादी पाचपासून सुरू केली, आकडे मराठी आणि ठळक केले.

दुपारी प्रेसवर नवं पान लागलं. बबनकाका लांबूनच तीन बोटं दाखवून हसले, “आता तीन म्हंजी बंदच!”

मंडळी, तुमचं काम शेवटी ज्याच्या हातात जातं, ते हात तुम्ही कधी बघितलेत?